दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

दोन विमानतळांची नावे शोधयंत्रात टाकली की उत्तरात बहुतेक वेळा दोन आकडे जोडीने येतात: इतके किलोमीटर आणि इतके तास. हे आकडे शेजारीशेजारी बसलेले असले तरी त्यांची जात निराळी आहे. अंतर ठरते ते भूगोलावरून. दोन्ही विमानतळ आपापल्या जागी असल्यामुळे ते आज काढा किंवा सहा महिन्यांनी, जाताना मोजा किंवा येताना, तेवढेच भरते. वेळेचे तसे नाही. त्या दिवशीचा वारा, विमानाचा प्रकार, वाटेतल्या देशांनी खुली किंवा बंद ठेवलेली हवाई हद्द आणि धावपट्टीपाशी लागलेली रांग या सगळ्यांतून तो आकडा घडतो. अनेक संकेतस्थळे मात्र अंतराला ताशी आठशे किंवा नऊशे किलोमीटरने भागतात, वर अर्धा तास मिळवतात आणि आलेल्या उत्तराला प्रवासाचा वेळ म्हणतात. असा आकडा ओळखण्याची एक सोपी खूण आहे. जाण्याचा आणि येण्याचा वेळ मिनिटापर्यंत सारखा दाखवला असेल, तर तो नुसता भागाकार आहे असे खुशाल समजावे.

या लेखात अंतर आणि वेळ वेगवेगळे काढण्याची रीत क्रमाने दिली आहे. उदाहरणासाठी टोकियोचा हानेडा आणि सॅन फ्रान्सिस्को हे दोन विमानतळ घेतले आहेत, कारण या एकाच जोडीत बहुतेक सगळ्या अडचणी भेटतात: नकाशावर भलताच वाकडा दिसणारा मार्ग, जोरदार वारा आणि आंतरराष्ट्रीय वार रेषा. आकडेमोडीसाठी साइन आणि कोसाइन देणारा साधा गणनयंत्र पुरतो. स्प्रेडशीट असल्यास आणखी सोयीचे.

विमानतळ नेमका कोणता, हे आधी ठरवावे

पहिली चूक गणितात होत नाही, ती नावात होते. सॅन होजे नावाचा एक विमानतळ कॅलिफोर्नियात आहे आणि दुसरा कोस्टा रिकाच्या राजधानीजवळ आहे. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसेच कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातही आहे. म्हणून शहराच्या नावावर न थांबता विमानतळाचा तीन अक्षरी आयाटा संकेत (आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) पाहावा: हानेडाचा एचएनडी, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. काही संकेत विमानतळाचे नसून संपूर्ण शहराचे असतात, हेही लक्षात ठेवावे. टीवायओ म्हणजे टोकियोतले हानेडा आणि नारिता दोन्ही, तर एलओएन म्हणजे लंडनचे सगळे विमानतळ. हजारो किलोमीटरच्या हिशेबात हानेडा आणि नारिता यांच्यातल्या साठेक किलोमीटरने फारसे बिघडत नाही. पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर तेच अंतर सर्वांत महाग पडते.

यानंतर दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश टिपून घ्यावेत. ते दोन प्रकारे लिहिलेले आढळतात, अंश आणि मिनिटांत किंवा दशांश अंशांत. हानेडाचा अक्षांश ३५ अंश ३३ मिनिटे उत्तर असा दिला असेल, तर दशांश रूपात तो ३५.५५ होतो, ३५.३३ नव्हे, मिनिटांना साठने भागावे लागते. ही चूक अक्षांशात झाली तर उत्तर वीसपंचवीस किलोमीटरने हलू शकते आणि ते दिसायला ठीकच वाटत असल्यामुळे लक्षातही येत नाही. उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन धरावेत, दक्षिण आणि पश्चिम ऋण धरावेत. त्याप्रमाणे हानेडा ३५.५५ आणि १३९.७८, तर सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ आणि उणे १२२.३८ असे निर्देशांक मिळतात.

गोलावरचे अंतर

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागाला छेद दिला की जे वर्तुळ मिळते, ते बृहद्वृत्त होय. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त आहे, मात्र त्याखेरीज दुसरे कोणतेही अक्षवृत्त बृहद्वृत्त नाही. भिंतीवरच्या सपाट नकाशात टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को जवळजवळ एकाच आडव्या रेषेत दिसतात आणि त्यामुळे विमान सरळ पूर्वेला जात असेल असे वाटते. प्रत्यक्षात जवळचा मार्ग हानेडाहून ईशान्येकडे निघतो, उत्तर अक्षांश ४८.५ अंशांपर्यंत चढतो आणि मग खाली वळतो. दोन्ही विमानतळ ३८ अंशांच्या आत असूनही हे घडते. ज्यांच्याकडे पृथ्वीगोल आहे, त्यांनी दोन ठिकाणांवर दोरा ताणून पाहावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. अक्षवृत्तांच्या अनुरोधाने पूर्वेला गेल्यास हेच अंतर सुमारे ८,७४० किलोमीटर भरते, म्हणजे साडेचारशे किलोमीटर अधिक.

आता सूत्र. पहिल्या अक्षांशाच्या साइनला दुसऱ्या अक्षांशाच्या साइनने गुणावे. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे. या दोन गुणाकारांची बेरीज म्हणजे दोन ठिकाणांमधल्या कोनाचा कोसाइन. त्यावरून कोन काढावा आणि अंशांतल्या कोनाला १११.१९ ने गुणावे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर बृहद्वृत्तावरच्या एका अंशाची लांबी तेवढी येते.

आपल्या जोडीसाठी रेखांशांतील फरक १३९.७८ अधिक १२२.३८, म्हणजे २६२.१६ अंश येतो. फरक १८० च्या वर गेला तर ३६० मधून वजा करावा, म्हणजे ९७.८४ उरतो. कोसाइन दोन्ही कोनांना एकच असल्याने या सूत्रात ही वजाबाकी राहिली तरी उत्तर चुकत नाही. पण मार्ग पॅसिफिकवरून जातो की युरोपवरून, हे समजण्यासाठी ती केलेली बरी. अक्षांशांचे साइन ०.५८१४ आणि ०.६१०४, त्यांचा गुणाकार ०.३५४९. कोसाइन ०.८१३६ आणि ०.७९२१, आणि ९७.८४ अंशांचा कोसाइन उणे ०.१३६४, तिघांचा गुणाकार उणे ०.०८७९. बेरीज ०.२६७०. हा कोसाइन असलेला कोन ७४.५१ अंशांचा आहे. त्याला १११.१९ ने गुणले की सुमारे ८,२८५ किलोमीटर हे अंतर मिळते.

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. स्प्रेडशीटमधली त्रिकोणमितीची फलने अंश समजत नाहीत, त्यांना रेडियन लागतात. म्हणून प्रत्येक अंशाचे आधी रेडियनमध्ये रूपांतर करावे आणि शेवटी मिळालेला रेडियनमधला कोन थेट ६,३७१ ने गुणावा. उत्तर काही शे किंवा काही लाख किलोमीटर आले, तर बहुधा हीच गफलत असते. आणखी एक ढोबळ कसोटी अशी की पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण तो पृथ्वीचा अर्धा घेर आहे. माद्रिद आणि वेलिंग्टन हे विमानतळ एकमेकांच्या जवळजवळ बरोबर पाठीमागे आहेत आणि तरीही त्यांच्यातले अंतर सुमारे १९,८५० किलोमीटरच भरते.

पृथ्वी अचूक गोल नाही, हा आक्षेप बरोबर आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवापाशी ६,३५७. गोल धरून काढलेले उत्तर त्यामुळे जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने चुकू शकते. काटेकोर उत्तर हवे असल्यास डब्ल्यूजीएस ८४ या प्रमाण आकारावर आधारलेले साधन वापरावे. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन संकेत टाकले की अंतर मिळते आणि मार्गही नकाशावर दिसतो. आपल्या जोडीचे अंतर तिथे वीसएक किलोमीटर जास्त, म्हणजे सुमारे ८,३०५ येईल. प्रवासाच्या दृष्टीने वीस किलोमीटर म्हणजे दीड मिनिटाचे उड्डाण. वेळेच्या हिशेबात याहून कितीतरी मोठ्या अनिश्चितता पुढे येणार असल्याने इथे दशांश स्थळांवर भांडण्यात अर्थ नाही.

एककांबद्दल थोडेसे: वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा असतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. दोन्हींना नुसते मैल म्हणण्याची सवय असल्यामुळे पंधरा टक्क्यांची चूक सहज होऊन जाते. विमानाचा वेग नॉटमध्ये दिला असेल, तर तो ताशी सागरी मैल समजावा.

विमान खरोखर कुठून जाते

बृहद्वृत्तावरचे अंतर हा किमान आकडा आहे. प्रत्यक्ष विमान ठरावीक हवाई मार्गांनी, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या नेमून दिलेल्या वळणांनी, वादळे आणि बंद हवाई क्षेत्रे टाळत जाते. साधारण परिस्थितीत यामुळे अंतर दोन ते पाच टक्क्यांनी वाढते. अंदाजासाठी मी तीन टक्के धरतो. त्यानुसार आपले ८,३०५ किलोमीटर सुमारे ८,५५० होतात.

पण साधारण परिस्थिती नेहमी असतेच असे नाही, आणि संकेतस्थळांवरचे आकडे सर्वांत जास्त फसवतात ते इथेच. हेलसिंकी आणि टोकियोचा नारिता यांच्यातले अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि जवळचा मार्ग जवळजवळ संपूर्णपणे रशियावरून जातो. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत फिनएअरचे विमान हे अंतर साडेनऊ-दहा तासांत कापत असे. त्या वर्षी रशियाची हवाई हद्द बंद झाल्यावर तेच विमान उत्तर ध्रुवाजवळून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जाऊ लागले आणि प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. विमानतळ हलले नाहीत, अंतर काढणाऱ्या साधनातला आकडा आजही तोच आहे, आणि त्याला नऊशेने भागणारे संकेतस्थळ आजही नऊ-साडेनऊ तासच दाखवील. गंमत अशी की १९८३ मध्ये याच कंपनीने हेलसिंकी–टोकियो थेट सेवा सुरू केली, तेव्हाही सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी ध्रुवावरूनच जावे लागले होते.

दुसरा प्रकार स्वेच्छेने घेतलेल्या वळशाचा. सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कपर्यंतचे बृहद्वृत्तावरचे अंतर सुमारे १५,३४५ किलोमीटर आहे. सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये ही सेवा पुन्हा सुरू करताना मात्र प्रवासाचे अंतर सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ १८ तास ४५ मिनिटांपर्यंत असे जाहीर केले. जवळजवळ नऊ टक्क्यांचा हा फरक निष्काळजीपणाचा नाही. जवळचा मार्ग ध्रुवाच्या बाजूने जातो. त्याऐवजी पाठीशी वारा मिळेल असा लांबचा मार्ग घेतला, तर इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात.

म्हणून या पायरीवर एक गोष्ट करावीच: बृहद्वृत्त नकाशावर पाहावे आणि ते कोणकोणत्या देशांवरून जाते हे तपासावे. वाटेत बंद हवाई हद्द दिसली, तर तीन टक्क्यांचा नियम सोडून द्यावा आणि त्या मार्गावरच्या अलीकडच्या प्रत्यक्ष उड्डाणांकडे वळावे.

वेग, आणि जमिनीवर जाणारा वेळ

दूर पल्ल्याची विमाने ध्वनीच्या वेगाच्या ठरावीक प्रमाणात उडतात. एअरबस ए३५० आणि बोइंग ७८७ साधारण ०.८५ मॅकने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीने, बोइंग ७७७ त्याहून किंचित कमी, एअरबस ए३३० सुमारे ०.८२ ने, तर एका मार्गिकेची ए३२१ सारखी विमाने ०.७८ च्या आसपास. अकरा किलोमीटर उंचीवर हवेचे प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो. त्यामुळे ०.८५ मॅक म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर आणि ०.७८ मॅक म्हणजे सुमारे ८३०. आपल्या मार्गावर मोठी विमाने उडत असल्याने ९०० धरू.

हा वेग विमान वर पोहोचल्यावरचा आहे. चढताना आणि उतरताना ते हळू असते, त्यापायी पंधरा मिनिटे वाढवावीत. शिवाय गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि पलीकडे धावपट्टीपासून गेटपर्यंत मिळून पंचवीस मिनिटे धरावीत; फार गजबजलेल्या विमानतळावर ती चाळीसही होतात. तिकिटावर छापलेला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्याला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात, आणि वक्तशीरपणाची आकडेवारी चांगली राहावी म्हणून त्यात थोडी सवड ठेवलेली असते. म्हणूनच अर्धा तास उशिरा निघालेले विमान कधीकधी वेळेवर पोहोचते आणि प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात.

वारा नसता, तर ८,५५० भागिले ९०० म्हणजे साडेनऊ तास, अधिक चाळीस मिनिटे, असे एकूण १० तास १० मिनिटे झाले असते. जाताना तेवढेच आणि येताना तेवढेच. प्रत्यक्षात या मार्गावर कोणतेही विमान दोन्ही बाजूंनी एवढाच वेळ घेत नाही.

वारा

मध्य अक्षांशांवर, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण आणि थंड हवेतील तापमानाचा फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून हिवाळ्यात ते अधिक जोरकस असतात. जपानच्या आसपास ते जगात सर्वांत प्रबळ असतात आणि ताशी ३०० किलोमीटरचाही वेग गाठतात. १९२० च्या दशकात वासाबुरो ओईशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून या वाऱ्यांची पद्धतशीर मोजमापे केली होती, पण त्याने अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, त्यामुळे बाहेरच्या जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. व्यापारी उड्डाणासाठी या वाऱ्याचा उपयोग नोव्हेंबर १९५२ मध्ये पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीने करून दाखवला: टोकियो–होनोलुलू प्रवास अठरा तासांवरून साडेअकरा तासांवर आला.

विमानाचा ९०० हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. ज्या हवेतून ते उडते ती हवाच १०० च्या वेगाने पुढे सरकत असेल, तर जमिनीसापेक्ष वेग १,००० होतो. उलट दिशेने ८००. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. सुमारे ५,५५० किलोमीटर अंतराला हा वेळ लावून पाहिला, तर सरासरी ताशी १,१०० किलोमीटरच्या वर जाते. तरीही विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने उडत होते.

आपल्या जोडीसाठी हिशेब असा मांडावा. पूर्वेकडे जाताना विमान मुद्दाम वाऱ्यात शिरते, म्हणून सरासरी १०० चा पाठचा वारा धरू: ८,५५० भागिले १,००० म्हणजे ८ तास ३३ मिनिटे, अधिक ४० मिनिटे, म्हणजे सुमारे सव्वानऊ तास. पश्चिमेकडे येताना विमान मार्ग वळवून वाऱ्याचा मुख्य पट्टा चुकवते, म्हणून समोरचा वारा १०० ऐवजी ६० धरू: ८,५५० भागिले ८४० म्हणजे १० तास ११ मिनिटे, अधिक ४० मिनिटे, म्हणजे जवळजवळ अकरा तास. वेळापत्रकात हानेडाहून निघणाऱ्या विमानांना साडेनवाच्या आतबाहेर आणि परतीच्या विमानांना अकराच्या आसपास वेळ दिलेला दिसतो, त्यामुळे हे अंदाज कामाचे आहेत असे म्हणता येते. उन्हाळ्यात पाठचा वारा ५० वर आणि समोरचा ४० वर आणून हिशेब पुन्हा करावा. दोन्ही दिशांमधली तफावत कमी झालेली दिसेल.

जाताना मिळालेला फायदा येताना झालेल्या तोट्याने फिटतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दोन्ही वेळा वारा १०० च असला, तर जाण्यायेण्याच्या उड्डाणाला मिळून १९ तास १४ मिनिटे लागतात, वारा नसता तर १९ तास लागले असते. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटा नेहमी थोडा मोठा असतो.

हा सगळा विचार पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गांना लागू आहे. उत्तर-दक्षिण मार्गांवर वारा बहुतांशी आडवा येतो आणि दोन्ही दिशांचे वेळ जवळजवळ सारखे राहतात. लंडन–जोहान्सबर्ग हा अकरा तासांच्या आसपासचा प्रवास त्याचे चांगले उदाहरण आहे. दक्षिण गोलार्धातही मध्य अक्षांशांवर वारे पश्चिमेकडूनच वाहतात, म्हणून दोहाहून ऑकलंडला जाताना परतीपेक्षा बराच कमी वेळ लागतो. विषुववृत्ताजवळ वारे मंद असतात, तिथे पंचवीस-तीस धरले तरी चालते.

घड्याळाचा हिशेब

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची. दोन्हींची थेट वजाबाकी करणे हा सर्वांत मोठा सापळा आहे, आणि वार रेषा ओलांडताना दिवस मिळवायचा की वजा करायचा यावर डोके खाजवत बसणे हा दुसरा. दोन्हींवर उपाय एकच: प्रत्येक वेळ आधी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत बदलावी आणि मगच हिशेब करावा.

समजा, विमान ५ जुलैला हानेडाहून १६:०० वाजता निघाले. जपान यूटीसीच्या नऊ तास पुढे आहे, म्हणून ही वेळ ०७:०० यूटीसी. प्रवास ९ तास २० मिनिटांचा धरला, तर ते १६:२० यूटीसीला पोहोचेल. जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्को यूटीसीच्या सात तास मागे असते, म्हणून तिथे ०९:२० वाजलेले असतील, आणि तारीख ५ जुलैच असेल. घड्याळाप्रमाणे प्रवासी निघण्याच्या सहा तास चाळीस मिनिटे आधी पोहोचला. वार रेषेचा उल्लेखही न करता उत्तर बरोबर आले, हा या रीतीचा फायदा. परतीला ११:०० वाजता निघाल्यास ती वेळ १८:०० यूटीसी. अकरा तासांनंतर दुसऱ्या दिवशीचे ०५:०० यूटीसी. जपानमध्ये तेव्हा १४:०० वाजलेले असतात. तिकिटावर अशा पोहोचण्याच्या वेळेपुढे अधिक एक असे छापतात, म्हणजे पुढचा दिवस.

हीच रीत उलटी वापरली की तिकिटावरून प्रवासाचा खरा वेळ मिळतो: पोहोचण्याची यूटीसी वेळ वजा निघण्याची यूटीसी वेळ. उत्तर एकोणीस तासांच्या वर गेले आणि तिकीट थेट विमानाचे असले, तर हिशेब पुन्हा तपासावा, कारण आजच्या नियमित सेवेतली सर्वांत लांब थेट उड्डाणेही साधारण तेवढ्याच वेळाची असतात.

कालक्षेत्रांतील फरक वर्षभर सारखा राहतो असे मात्र धरू नये. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जपानमध्ये हा प्रकारच नाही. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने घड्याळेही उलट दिशेने सरकतात. त्यामुळे लंडन आणि सिडनी यांच्यातला फरक वर्षातून कधी नऊ, कधी दहा आणि कधी अकरा तासांचा असतो. सगळी कालक्षेत्रे पूर्ण तासांची नसतात, हेही ध्यानात असावे: नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे, कॅनडातले न्यूफाउंडलंड हिवाळ्यात साडेतीन तास मागे.

थेट विमान नसेल तेव्हा

दोन्ही टप्प्यांचे अंतर वेगवेगळे काढून बेरीज करावी आणि ती थेट अंतराशी ताडून पाहावी. लंडनचा हीथ्रो ते सिडनी हे थेट अंतर सुमारे १७,०१५ किलोमीटर आहे. सिंगापूरमार्गे गेल्यास १०,८८५ आणि ६,२९५ मिळून १७,१८० भरतात, म्हणजे वाढ एका टक्क्याच्या आसपास. लॉस एंजेलिसमार्गे गेल्यास ८,७८० आणि १२,०५० मिळून २०,८३० होतात, म्हणजे बावीस टक्के जास्त. नकाशावर दोन्ही थांबे सारखेच मध्ये वाटू शकतात. बेरीज केल्याशिवाय फरक दिसत नाही. दहा टक्क्यांपर्यंतची वाढ माझ्या मते मान्य करण्यासारखी असते, कारण मधल्या थांब्याची लांबी त्याहून जास्त वेळ खाते किंवा वाचवते.

वेळ काढताना प्रत्येक टप्प्याला चढउताराची आणि जमिनीवरची चाळीस मिनिटे स्वतंत्रपणे जोडावीत आणि वाऱ्याचा विचारही टप्प्याटप्प्याने करावा. मधला थांबा वेळापत्रकावरून घ्यावा, अंदाजाने नव्हे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले, तर सामान पुढे जाते आणि दीड-दोन तासांचा थांबा बहुतेक ठिकाणी पुरतो. वेगवेगळ्या तिकिटांवर असले, तर सामान घेऊन पुन्हा जमा करावे लागते, कधी त्या देशाचा व्हिसा लागतो, आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. तिथे चार तासांपेक्षा कमी थांबा ठेवू नये. अमेरिकेत बाहेरून आलेल्या प्रवाशाला पुढे दुसऱ्या देशात जायचे असले, तरी पहिल्याच विमानतळावर आगमन तपासणीतून जावे लागते. वरच्या उदाहरणात लॉस एंजेलिसचा मार्ग नाकारायला हे एक जास्तीचे कारण आहे.

काढलेला आकडा पडताळून पाहणे

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या सेवांवर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांतली उड्डाणे दिसतात. त्यांतला प्रत्यक्ष हवेतला वेळ घ्यावा, वेळापत्रकातला नाही. एकाच दिवसाचा आकडा न घेता आठ-दहा दिवसांचे आकडे पाहावेत आणि दोन्ही दिशांचे वेगळे टिपावेत. आपल्या प्रवासाचा महिना वेगळा असेल, तर आजच्या आकड्यांवर विसंबू नये. विमान कंपन्यांचे वेळापत्रक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उन्हाळी आणि हिवाळी हंगामानुसार बदलते. त्या हंगामातील ब्लॉक टाइम कंपनीच्या आरक्षण पानावर पुढची तारीख टाकून पाहता येतो.

आपला अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांत वीसपंचवीस मिनिटांचा फरक असेल, तर तो वाऱ्याच्या अंदाजातला समजून सोडून द्यावा. तासाभराचा किंवा त्याहून मोठा फरक निघाला, तर उड्डाणाचा काढलेला मार्ग नकाशावर उघडावा आणि बृहद्वृत्ताशी जुळवून पाहावा. दोन्ही रेषा कुठे वेगळ्या होतात ते पाहिले की कारण बहुधा तिथेच सापडते: एखादी बंद हद्द, मुद्दाम गाठलेला जेट प्रवाह, किंवा लांबच्या समुद्रावर पर्यायी विमानतळाच्या आवाक्यात राहण्यासाठी दोन इंजिनांच्या विमानाने घेतलेला वळसा. त्या मार्गाची खरी लांबी घेऊन, तीन टक्क्यांची वाढ न लावता, भागाकार पुन्हा करावा.